हाडांसकट रेट

राजीनामा टाइप होऊन तयार होता. वृषालीने फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काकू, फक्त सेंड दाबायचंय. तुम्ही एकदा हो म्हणा."

मी बेसिंगस्टोकच्या एका नर्सिंग एजन्सीत पेरोल बघते, म्हणजे पगार करते. ज्या हॉस्पिटलात नर्स कमी पडतात तिथे आम्ही काही आठवड्यांसाठी नर्स पाठवतो. वृषाली मूळची नागपूरची, रीडिंगच्या हॉस्पिटलात पर्मनंट. मंडळाच्या दिवाळीत माझ्या शेजारी बसून पुऱ्या लाटते, तेवढी आमची ओळख. तिचे वडील नागपूरला एकटे असतात. गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये पडले. तेव्हापासून हिवाळ्यात सलग दोन महिने त्यांच्याजवळ राहायचं, हे तिने मनात धरलं होतं. वॉर्ड मॅनेजर एवढी रजा द्यायला तयार नव्हती. एजन्सीत मात्र दोन कामांच्या मध्ये हवं तितकं थांबता येतं. कायम राहायची परवानगी मिळाल्यामुळे व्हिसाचाही प्रश्न उरला नव्हता.

इथवरचं शहाणपण तिचं स्वतःचं होतं. पुढचं ह्यूस्टनहून आलं होतं. तिची नणंद प्राजक्ता तिकडे ट्रॅव्हल नर्स आहे, म्हणजे गावोगावच्या हॉस्पिटलांत काही आठवड्यांची कामं घेते. दूरच्या गावचं काम घे, राहण्याजेवण्याचे पैसे वेगळे मिळतात, वर टॅक्सही लागत नाही, असं तिने फोनवरून सांगितलं होतं. तेवढ्यात आमच्या डॅरनने ग्लासगोचा रेट कळवला. डॅरन आमचा मॅनेजर, बुकिंग भरणं हे त्याचं काम. वृषालीच्या नवऱ्याने, निखिलने, रेटला तासांनी गुणून एक्सेल शीट केली. तो सॉफ्टवेअरवाला, त्याला शीट केल्याशिवाय चहा जात नाही. आकडा असा आला की दोघं बिझनेस क्लासची तिकिटं बघत बसले.

मी विचारलं, "रेट अम्ब्रेलाचा आहे की पीएवायईचा?"

"ते काय असतं?"

मी तिचा फोन उचलून पालथा ठेवला.

अम्ब्रेला म्हणजे मधली एक कंपनी. एजन्सी तिला पैसे देते आणि ती नर्सची मालक बनते, कागदावर तरी. मालकाने सरकारला भरायचा नॅशनल इन्शुरन्स त्याच रेटमधून जातो, कंपनीची फीसुद्धा. उरेल तो नर्सचा पगार, मग त्यावर तिचा टॅक्स. पीएवायईमध्ये एजन्सी स्वतः मालक असते आणि आपला हिस्सा वेगळा भरते. रेट लहान दिसतो, पण तो खरोखर तुमचा असतो.

"निखिलला विचार, पुण्यात नोकरी लागली तेव्हा सीटीसी किती होता आणि हातात किती आले?"

ती हसली, मग हसायची थांबली. "म्हणजे डॅरनने सीटीसी सांगितला?"

"मटणाचं वजन, हाडांसकट."

"आणि टॅक्स-फ्री राहणं?"

ते अमेरिकेत. इथे वॉर्डवर दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या एजन्सी नर्सचा रीडिंग ते ग्लासगो प्रवास टॅक्सवाले घर ते ऑफिसच समजतात. सवलत नाही. हेही मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबांकडे जमणारच नाही," ती हळूच म्हणाली. मला वाईट वाटलं आणि राग आला. राग घेऊन मी डॅरनकडे गेले.

डॅरन म्हणाला, "मीना, तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"पेरोलच्या. पहिली पेस्लिप बघून ती पळून जाण्यापेक्षा आज पळालेली बरी. ग्लासगोला रिकामी जागा तुलाच भरायचीय."

त्याने कॅल्क्युलेटर ओढून आकडे मांडले. मग पीएवायईचा रेट दिला, शिवाय हॉस्पिटलच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये स्वस्तातली खोली. इतकं पदरात पडेल असं मलाही वाटलं नव्हतं.

राहिला सुट्टीचा पगार, जो इथे कायद्याने एजन्सी नर्सलाही द्यावा लागतो. एजन्सीत तो दोन तऱ्हांनी मिळतो. एक, दर पेस्लिपमध्ये थोडा थोडा. तो किराण्यात कधी विरघळतो कळत नाही, आणि प्रत्यक्ष सुट्टीत हात हलवत बसावं लागतं. दुसरी तऱ्हा, तो बाजूला साठवायचा आणि सुट्टीवर गेल्यावर घ्यायचा. वृषालीला मी दुसरी घ्यायला लावली. आजारी पडलीस तर अगदी तुटपुंजं मिळेल, हॉस्पिटलचं पेन्शन थांबेल, शिफ्ट नाही तर पैसा नाही, हेही ऐकवलं. निखिलने नवी शीट केली. त्यात बिझनेस क्लास उडाला, पण नागपूर राहिलं. दोन दिवस विचार करून तिने सेंड दाबलं.

एकामागून एक बुकिंग घेत वर्षभर ती ग्लासगोला होती, शिफ्ट नसली की रीडिंगला यायची. हिवाळ्यात नागपूरला गेली. दोन महिन्यांतल्या निम्म्याहून अधिक दिवसांचा साठवलेला पगार दर शुक्रवारी तिच्या खात्यात मीच पाठवत होते. तिने कळवलं, बाबा रोज विचारायचे, तू परत कधी जाणार? आता विचारत नाहीत, भाजी कोणती करतेस तेवढंच विचारतात. ते वाचून मी पेरोल बाजूला ठेवून चहा केला.

त्याच आठवड्यात ह्यूस्टनहून फोन आला. प्राजक्ता. माझा नंबर तिने वृषालीकडून घेतला होता. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "काकू, वृषाली घरी बसलीय आणि तिला पगार येतोय, हे खरं? मी दोन कामांच्या मध्ये घरी बसले की एक सेंट येत नाही."

खरं आहे, म्हटलं. तिने विचारलं, "तिकडचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन व्हायला किती वेळ लागतो?"

मी आधी सांगून टाकलं, इकडचा रेट ऐकून हिरमोड होईल, तुझ्यापेक्षा बराच कमी. पण रेट काम करताना बघायचा नसतो, घरी बसल्यावर बघायचा असतो.