ब्याऐंशी किलो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, पण मला समजावायला येऊ नका — त्या मुलीनं मला जे ऐकवलं, ते मी अजून विसरलेलो नाही.

जिंतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मी पोती उचलली. त्याच मोंढ्यात आज माझी आडत आहे, माझा काटा आहे. सोयाबीनचा भाव करताना माझा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो — जाऊ दे. पण गावानं मला नाव काय ठेवलं? क्विंटलशेठ. पाठीवर क्विंटलचं पोतं वाहिलं म्हणून नव्हे — पोट सुटलं म्हणून. हसण्यासारखं आहे का हे?

पाच वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या डोंगरावर पॅराग्लायडिंग शिकवणारे आले. सगळ्यांत आधी नाव मी दिलं. क्विंटल उडतो की नाही, बघाच म्हटलं.

शिकवणारी पुण्याकडची, पंचविशीतली मुलगी. तीन दिवस तिनं आम्हाला माळावर नुसतं पळवलं. पाठीमागचं छत्रीचं कापड वारा धरून डोक्यावर उभं राहायला हवं. माझं दर वेळी एका कुशीवर पडायचं. चौथ्या दिवशी उभं राहिलं. मग तिनं वही काढून एकेकाला वजन विचारलं, कारण कुणाला केवढी छत्री द्यायची ते वजनावर ठरतं. रांगेत माझ्या मागं माझ्याच आडतीवर माल घालणारे चौघं. एक जण म्हणाला, "शेठ, दोन छत्र्या मागा."

आदल्याच दिवशी मी माझ्या काट्यावर उभा राहिलो होतो. अठ्ठ्याण्णव. मी म्हणालो — ब्याऐंशी.

तिनं मान वर केली. "काका, नक्की ना?"

"पोरी, माझा धंदाच वजनाचा हाय. मी चुकीन का?"

उडालो. खरंच उडालो — पाय पळत होते आणि खाली जमीन नव्हती. पण छत्री माझ्या मानानं लहान. उतरताना वेग आवरेना. वॉकीटॉकीवर ती सांगत होती, दोन्ही दोऱ्या ओढा; मी ओढल्या, तरी कापसाच्या पराटीच्या रानात असा आदळलो की घोटा मोडला.

लोक जमले. शिबिराच्या मालकानं तिची वही मागितली. आणि मी — कळवळत होतो, पण शुद्धीत होतो — मी ओरडलो, अठ्ठ्याण्णव सांगितलं होतं, हिनंच चुकीचं लिहिलं. जो आकडा रांगेत जिभेवर येत नव्हता, तो साऱ्या माळाला ऐकू गेला. त्या चौघांनी ब्याऐंशी ऐकलं होतं. चौघंही गप्प. का, ते मला ठाऊक होतं. म्हणूनच तर ओरडलो.

मला जीपमध्ये घालताना ती जवळ आली. हळूच म्हणाली, "काका, तुमच्या काट्यावरही असंच असतं का?"

त्याच संध्याकाळी मालकानं तिला कामावरून काढलं. एसटीनं गेली म्हणे.

वीस वर्षांत माझ्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नाही, आणि कालची पोर मला विचारते? आजही या, कुणीही या, वजनमापं तपासा. दाणा इकडचा तिकडं सापडणार नाही.

काट्यात खोट नव्हती. तिच्या वहीतही नव्हती. ब्याऐंशीच म्हणालो होतो मी. तिनं ऐकलं तेच लिहिलं.