मोठं इंजिन, जुना रेडिएटर

लातूर वेगळा जिल्हा झाल्यावर जो दुष्काळ पडला, त्यात माझ्या चुलत्यांनी ट्रकवर टाकी चढवून गावोगाव पाणी पोचवायचं काम घेतलं. भरल्या टाकीनं चढ निघेना, म्हणून नांदेडहून दुप्पट ताकदीचं इंजिन आणून बसवलं. रेडिएटर मात्र बदलू दिला नाही. एवढ्या इंजिनाला हा पुरायचा नाही, हे सांगून सांगून मिस्त्री दमला.

"त्यो लाभलाय मला," चुलते म्हणाले. दर दसऱ्याला हळदकुंकू लावून त्याची जाळी बुजत आली होती. ती बुजलेली जाळीच त्यांना लाभल्याची खूण वाटायची.

मग औशाच्या पुढं प्रत्येक चढाला इंजिन उकळायचं आणि चुलते टाकीची तोटी सोडून बादली भरायचे. लोकांचं पाणी त्या लाभलेल्या डबड्याच्या घशात ओतताना त्यांचा हात कधी अडखळला नाही. अजूनही कुणी एखादी वस्तू लाभली म्हणालं की मला शिसारी येते.

एकदा त्यांच्यासोबत एका गावात पोचलो, तर बाया सकाळपासून घागरी मांडून बसलेल्या. चुलत्यांनी आधी बॉनेट उघडलं, नवं इंजिन कसं ओढतं ते सरपंचाला ऐकवलं आणि सगळ्यांदेखत दोन बादल्या रेडिएटरमध्ये रिचवल्या.

एक म्हातारी उठून पुढं आली. "त्याचं पिऊन झालं असंल तर आमाला द्या," ती म्हणाली.

चुलते हसले. त्यांनी आणखी एक बादली भरून घेतली आणि ट्रकची काच धुवायला लागले.