कळी दिसल्यावर

इंदिरानगरच्या मनोविकार दवाखान्यात एक शेतकरी बाई दर मंगळवारी मुलीला घेऊन येई आणि बाकावर बसून आपल्या मळ्यातली शेवंती ओवत राही. मुलीने वर्षापूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केल्याचे तिने आवाज न दबवता सांगितले होते. मी मात्र माझ्या मुलाची फाइल पिशवीत लपवून बसे.

“तो हसू लागलाय. उपचार थांबवावेत म्हणते,” मी एकदा पुटपुटले.

“ताई, कळी दिसली म्हणून पाणी तोडतं का कोणी? पोरगी हसली अन् आम्ही गोळ्या सोडल्या. मग ते झालं. आता गोळ्याबी हायेत, अन् इथं मायलेकींना समोरासमोर बोलायला लावतात. लय रडले मी. पण पोरगी हाय.”

तिने हाराला गाठ मारली. मी फाइल बाहेर काढली आणि नोंदणीच्या खिडकीपाशी जाऊन पुढच्या मंगळवारची वेळ सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात मागितली.