प्लायवुडचं स्टिअरिंग

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते तेव्हा आमच्या नेरूळच्या घरी कॉम्प्युटर आला. जागा नव्हतीच, म्हणून तो जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर बसला आणि उरलेल्या अर्ध्यावर आई, बाबा आणि मी जेवायला लागलो. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. तो कीबोर्डच्या बाणांवर खेळायचा. बाण दाबला की गाडी एकदम वळायची, सोडला की एकदम सरळ. गाडी चालवल्यासारखं काही वाटायचं नाही.

कॉम्प्युटरच्या मागे जॉयस्टिक लावायचं एक सॉकेट होतं. जॉयस्टिकच्या आत रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखे दोन कंट्रोल असतात, फिरवले की आकडा बदलतो, बाकी विशेष काही नाही, हे मला कॉलेजमुळे माहीत होतं. मग एक कंट्रोल चाकाला लावला तर? दुसरा पेडलला? मी कामाला लागले.

शेजाऱ्यांकडे फर्निचरचं काम चाललं होतं. तिथल्या सुताराकडून उरलेल्या प्लायवुडचं गोल चाक कापून घेतलं. ते फिरवायला सायकलच्या पुढच्या चाकाचा हब वापरला आणि सोडल्यावर आपोआप मध्यावर यावं म्हणून दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या. खाली फळीवर दोन पेडल बसवली, दाराच्या बिजागऱ्या लावून आणि मागे जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा घालून. आईने चाकाला रेक्झिनचं कव्हर शिवलं. "एवढं करून टेबलाला भोकं पाडलीस तर बघ," एवढंच म्हणाली. मी भोकं पाडली नाहीत, टेबलाच्या कडेला आवळून बसणारे शिकंजे लावले.

पहिल्याच दिवशी गाडी डावीकडे जरा वळवली की गर्रकन फिरे, आणि उजवीकडे कितीही फिरवा, ढिम्म. मी सगळं उघडलं, पुन्हा जोडलं, तेच. शेवटी कॉलेजातून मीटर आणून कंट्रोल मोजला तेव्हा कळलं. तो खरोखरच एका मेलेल्या रेडिओतून काढलेला होता, आणि रेडिओचा कंट्रोल आपल्या कानांच्या हिशेबाने बनवलेला असतो. एका टोकाला हळूहळू वाढतो, दुसऱ्या टोकाला एकदम. मला सगळीकडे सारखा वाढणारा हवा होता. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, सुट्या भागांच्या दुकानात मिळाला. तो लावला आणि गाडी वळणावर अशी अलगद वळली की मी घरात एकटीच असताना टाळ्या वाजवल्या.

त्या रविवारी मी बाबांना म्हटलं, "बसून तर बघा."

बाबांच्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावून चालायचे. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होते. कंपनीच्या बसमध्ये ते कायम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे, आणि घरी आल्यावर आज त्याने कुठे उगीच ब्रेक मारला, कुठे गिअर चुकला, ते आम्हाला सांगायचे. रस्त्यावरून गाडी गेली की न बघता, नुसत्या आवाजावरून ती कुठली ते ओळखायचे. स्वतः मात्र कधी गाडी चालवलेली नव्हती.

ते खुर्चीत बसले. चाकावर दोन्ही हात ठेवले, डावी-उजवीकडे फिरवून बघितलं. मग खाली पेडलकडे बघितलं.

"एक काम कर गो," म्हणाले. "तू पाय हो. मी हात होतो."

मी टेबलाखाली शिरले आणि दोन हातांनी दोन पेडल धरली. मला पडदा दिसत नव्हता, फक्त बाबांचा आवाज.

"दे, दे, अजून दे! ब्रेक! अगो ब्रेक म्हणतोय मी!"

"मारला ना!"

"अर्धा मार! वळण आहे, सिग्नल नाही!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारात उभी राहून पोट धरून हसायला लागली.

पुढे प्रत्येक रविवारी आमची ही गाडी निघायची. पण एकदा शर्यत संपल्यावर बाबा चाकावरचे हात न काढता म्हणाले, "एकट्याने चालवून बघायची होती."

मी बाहेर आले. माझी दोन्ही पेडल शेवटी एकाच कंट्रोलला दोऱ्यांनी बांधलेली होती. एक दाबलं की तो इकडे फिरायचा, दुसरं दाबलं की तिकडे. म्हणजे मधे एक दांडी लावली, मागे ओढली की वेग आणि पुढे ढकलली की ब्रेक, तर पायांची गरजच नव्हती. पेडलपेक्षा सोपं काम होतं.

"पण मग चाक एका हाताने फिरवावं लागेल," मी म्हटलं.

"आमच्या स्टोअरमध्ये माल उचलायची फोर्कलिफ्ट आहे ना, तिच्या चाकावर एक मूठ असते," बाबा लगेच म्हणाले. "ड्रायव्हर एका हाताने गरागरा फिरवतो."

आम्ही कपाटाच्या ड्रॉवरची मूठ काढली, सैल फिरेल अशी चाकावर बसवली. दांडीला लाटण्याचा तुकडा लावला. ते लाटणं मोडकंच होतं, तरी आईला आधी विचारलं.

पहिल्या खेपेला बाबा भिंतीवर आदळले. दुसऱ्या खेपेलाही. मग ते पुन्हा पुन्हा खेळत राहिले आणि मी बाजूला उभी राहून बघत राहिले. हळूहळू त्यांचे दोन्ही हात एकमेकांना सांभाळून घ्यायला लागले. वळण यायच्या आधीच दांडी पुढे जायची, वळणातून बाहेर पडताना मागे यायची. पहिले आले तेव्हा त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी कुठल्याही मार्कशीटशी बदलणार नाही.

मग सोसायटीतली मुलं यायला लागली. खालच्या मजल्यावरचा एक कॉलेजकुमार स्वतःला चॅम्पियन समजायचा. पेडल आम्ही तशीच ठेवली होती. तो त्यांवर खेळला आणि बाबांच्या वेळेपुढे हरला. "काका, तुमचा कंट्रोल जास्त भारी आहे," म्हणाला. बाबांनी त्याला दांडीवर बसवलं आणि स्वतः बाजूला झाले. तो तिथेही भिंतीवर गेला. बाबा म्हणाले, "कंट्रोल माझ्या मुलीने बनवलाय. दोन्ही." कुणी नवीन आलं की ते हेच वाक्य सांगायचे, मग चहा यायचा.

डिप्लोमा झाला. मला महाप्याला, मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. त्याच सुमारास बाबा एका संध्याकाळी म्हणाले, "खऱ्या गाडीला अशी दांडी बसते. मी चौकशी केली." डावा पाय क्लचला पुरेसा होता, प्रश्न फक्त वेगाचा आणि ब्रेकचा होता. जुनी छोटी गाडी घेतली. गॅरेजमध्ये मी सोबत गेले, पण मला तोंड उघडावं लागलं नाही. दांडी कुठल्या उंचीवर हवी, किती ओढल्यावर किती वेग मिळायला हवा, हे बाबा मेकॅनिकला हाताने करून दाखवत होते. आरटीओच्या साहेबांनी त्यांना दोनदा मैदानाला फेरी मारायला लावली आणि लायसन्सच्या कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला कंपनीत सोडलं. फाटकाशी गाडी थांबली ती इतकी हळू की मला कळलंच नाही. वॉचमन वाकून म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हर ठेवला वाटतं?"

"बाबा आहेत माझे," मी म्हटलं, आणि उतरायची घाई केली नाही.