भरती नसलेला समुद्र

सोनगीरच्या शाळेत मी भूगोल शिकवायला आलो, तेव्हा गावात माझ्याआधीच एक भूगोल शिकवणारा होता आणि तो स्वतः चौथीपुढे शिकलेला नव्हता. अभिमन आबा. दुसऱ्या महायुद्धात पायात गोळी लागली म्हणून इटलीतल्या नेपल्स शहरात, दवाखान्यात तीन महिने काढलेला हा माणूस. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर हा गडी कुबडी घेऊन रोज अख्खं शहर पालथं घालायचा. गाव त्यांना ‘नेपाळवाले आबा’ म्हणायचं. नेपल्स वेगळं नि नेपाळ वेगळं, हे मी दहादा सांगितलं. कोण ऐकतंय!

कुणाकडे पाहुणे आले की आबा त्यांना नेपल्स दाखवायला न्यायचे, तेही सोनगीरमध्येच. किल्ल्याची टेकडी म्हणजे आग ओकणारा डोंगर. तांबटांची आळी म्हणजे काचेच्या छपराचा बाजार. बॉम्ब पडून काचा फुटलेल्या, सगळं ऊन खाली सांडलेलं. वर बघा म्हणाले की पाहुणे खरंच वर बघायचे. पुढच्या बोळात या माडीपासून त्या माडीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर साऱ्या गल्लीची धुणी. बायका खिडकीतून टोपली खाली सोडणार, भाजीवाला तीत भाजी घालणार. लिंबं तर म्हणे नारळाएवढी! शेवटी यायची किल्ल्याच्या पायथ्याची जुनी बारव. तो समुद्र. आबा दुखरा पाय पसरून तिसऱ्या पायरीवर बसायचे आणि आपण तिथं असंच ऊन खात बसायचो म्हणून सांगायचे. सोबतचे लोक मुकाट पाण्याकडे बघत राहायचे. खोटं कशाला बोलू, मीही दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा मला निघावंसं वाटलं नव्हतं.

तिथंच माझं पोट दुखायला लागलं. मी नकाशे टांगून घसा कोरडा करायचो, मुलं जांभया द्यायची. आबांचं नेपल्स मात्र साऱ्या वर्गाला तोंडपाठ. सरळ सांगायचं तर मी जळत होतो.

सहासष्ट सालच्या सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापकांनी आबांना शाळेत बोलावलं. नुकतीच लढाई होऊन गेलेली, शिपायाला मान होता. पुष्पाबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, त्यांचा जुना कोट धुऊन दिला होता. त्या स्वतः बायकांमध्ये पुढे येऊन बसल्या होत्या. आबा रंगात आले, नेपल्स सांगता सांगता समुद्रापाशी पोचले, आणि मी उठलो. विचारलं, आबा, तिथं भरती किती वाजता यायची?

आबा हसले. म्हणाले, “तठे भरती येस नही गुरुजी. पानी चढस नही, उतरस नही. मी बूट काढीसन पायरीवर ठेवू, ते सांजपावत कोरडाच ऱ्हायेत.”

मला काय, आयतंच सापडलं. मुंबईची चौपाटी मी डोळ्यांनी बघितलेली होती ना! फळ्यावर पृथ्वी काढली, चंद्र काढला, बाण काढले. आणि म्हणालो, “चंद्र काय फक्त मुंबईवरच उगवतो का आबा?”

सगळी शाळा हसली. मुख्याध्यापकही हसले. आबा फळ्याकडे बघत उभे राहिले आणि मग खाली बसले. पुष्पाबाई मान खाली घालून पदराचं टोक चाळवत होत्या.

समुद्र खोटा तर डोंगरही खोटा, बाजारही खोटा, असं गावाने ठरवून टाकलं. आबा कसले इटलीला जातात, देवळालीच्या छावणीत बटाटे सोलत होते, ट्रकवरून पडून पाय मोडला, हेही कुणीतरी जोडलं. आबांनी पाहुण्यांना न्यायचं बंद केलं. मी रस्त्यात दिसलो की ते आधी नमस्कार करायचे. तेव्हा मला तो माझा मान वाटायचा. काय म्हणावं या अकलेला!

बहात्तर साली धुळ्याला शिक्षकांचं शिबिर होतं. दुपारी ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक चाळत होतो. त्यात भूमध्य समुद्राचं पान निघालं. चहूकडून जमिनीने वेढलेला, महासागराला जोडणारं तोंड अगदी अरुंद, त्यामुळे बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नसतेच. मी ते पान तीनदा वाचलं. कानशिलं तापली. माझ्या पायाखालून समुद्र निघून गेला म्हणा हवं तर.

त्याच संध्याकाळी आबांच्या दारात जायला हवं होतं. गेलो नाही. आज परीक्षा आहे, उद्या बाजार आहे, परवा आबांना बरं नाही, अशी कारणं काढत दोन वर्षं घालवली. खरं कारण एकच. फळ्यावर काढलेला चंद्र पुसायला मला लाज वाटत होती.

मग कळलं, आबांकडे पिंपळनेरचे व्याही आले आहेत आणि आबा त्यांना पुन्हा नेपल्स दाखवत आहेत. माझा जीव भांड्यात पडला. तडक बारवेवर गेलो. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आटलेली ती बारव, अजून तळाशी नुसता चिखल. आबा तिसऱ्या पायरीवर बसून सांगत होते की दुपारी चार वाजले की भरती यायची, पाणी पायरी पायरी चढायचं, आपण बूट उचलून वर पळायचो.

मी तिथंच थिजलो. मग व्याह्यांच्या देखतच बोललो, “आबा, तिथं भरती येत नाही. मी पुस्तकात वाचलं. तुम्हीच खरे होता. चूक माझी होती.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“नही गुरुजी,” ते म्हणाले, “येस. माले आते याद येस. मना बूटसुद्धा भिजेल व्हतात.”

मी पुन्हा सांगायला गेलो, पुस्तकाचं नाव सांगितलं, पान सांगितलं. व्याही माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागले. आबांनी माझं मनगट धरलं.

“जरा वर सरका गुरुजी. पानी चढी ऱ्हायनं.”

खाली सगळा चिखल होता. मी एक पायरी वर सरकलो.