पाठीमागचे हात

डॉक्टरांनी गुडघ्याची फिल्म पुढं केली आणि म्हणाले, "आता फुटबॉल विसरायचा." दादानं ती घेतलीच नाही. गोलपुढं उभा राहायचा तसा तो हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

कोल्हापुरात आमचं घर फुटबॉलवाल्यांचं. आजोबा, बाबा, दादा, सगळे डिफेन्सला. चेंडू हाताला लागला की पेनल्टी, म्हणून हात मागं. लहानपणी बाबा टॉवेलनं दादाचे हात बांधायचे आणि जवळून चेंडू हाणायचे. "छातीवर घे!" त्यानं घेतले. मोठ्या क्लबाकडून खेळायला लागल्यावर पेपरात फोटो आला, त्यातही हात मागंच. अडवायला त्याला सगळ्यांनी शिकवलं. निसटून चाललेलं धरून कसं ठेवायचं, ते कुणाला येत होतं आमच्यात?

"मला दुसरं काय येतंय, बाबा?" दवाखान्यात सोबत आलेल्या बाबांकडं वळून दादा कसंबसं म्हणाला.

"बाबा, जवळ घ्या की त्याला," मी म्हटलं.

बाबा जरासे पुढं सरकले आणि थांबले. दोघं समोरासमोर, छाती काढून. मी बाबांच्या मागंच उभी होते. त्यांनी पाठीमागं स्वतःचंच मनगट आवळून धरलं होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत.