तिच्या पानावरची गाभोळी

बायको गेली त्याला फाल्गुनात वर्ष होणार होतं. वर्षाचं पान गावात, धरणाच्या काठाला वाढायचं हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. पण मुलाला रजा नव्हती. म्हणून त्याने मलाच उचलून जर्मनीत कार्ल्सरूहेला आणलं, तीन महिन्यांच्या व्हिसावर, कानटोपी घालून. म्हणाला, "आप्पा, इथंच करू सगळं. भटजी फोनवर सांगतील." फोनवरचा भटजी आणि चौथ्या मजल्यावरचं पान. मी एकच सांगितलं, पानावर गाभोळी पाहिजे.

माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी, तिला आम्ही गाभोळी म्हणतो. बायकोचा तिच्यावर जीव होता. मासा मला आणि पोरांना वाढायची, गाभोळी मात्र स्वतःला ठेवायची. एरवी सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई, पण तेवढ्या एका गोष्टीत कुणाचं ऐकायची नाही. आमच्यात गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं वाढतात. तिला श्रीखंड वाढून मी काय करू?

मुलाने मला दुकानात नेलं. इथला मासा विटेसारखा कापलेला असतो. डोकं नाही, शेपूट नाही. बर्फात दोन-चार अख्खे झोपवले होते, त्यांचीही पोटं साफ. मुलाला म्हटलं, विचार त्या विकणाऱ्या बाईला, अंडी कुठायत. त्याने लाजत लाजत विचारलं. बाई म्हणाली, ती आम्ही टाकून देतो. हे जगातले शहाणे लोक. सोनं काढून टाकतात आणि डबा विकतात.

मग म्हटलं, मीच धरतो. चौथी शिकलेला माणूस आहे मी, पण चाळीस वर्षं पाण्यावर काढली आहेत. तर मुलगा म्हणतो, "आप्पा, इथं कार्ड लागतं. परीक्षा असते. कार्डाशिवाय काठीला हात लावायचा नाही, पोलीस केस होते." मासे धरायची परीक्षा. कागदावर. मी हसलो तर सूनबाई पण म्हणाली, "खरंच अहो आप्पा, आमच्या शेजारच्यांना पण द्यावी लागली." माझ्या बापाची आणि माझी परीक्षा पाण्यानेच घेतली होती, ते वेगळं. पण कागद नव्हता, म्हणून मी इथं कोण? कुणी नाही.

कार्ड होतं मुलाच्या ऑफिसातल्या एका इंजिनियरकडे. पुण्याचा मुलगा, पस्तिशीचा, एकटा राहणारा. मुलाने त्याला सांगितलं, आप्पांना मासेमारीची आवड आहे, सोबत न्या. आवड! चाळीस वर्षं पोट भरलं त्याला आवड म्हणतात. बाकी त्याने काही सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पहिल्या शनिवारी तो पहाटेच न्यायला आला. अंगात झाडाच्या पानांचं चित्र असलेला मिलिटरी कोट. मासे काय दुर्बीण लावून बसतात? गाडीच्या डिकीत तीन काठ्या, दोन पेट्या, घडीची खुर्ची, आणि मासा लागला की पिपाणीसारखं वाजणारं एक यंत्र. पेट्या उघडून दाखवल्या त्याने. रबराचे मासे, हिरवे, जांभळे, चकाकणारे. एकाला लसणाचा वास.

"लसूण कशाला?"

"काका, रिसर्च आहे त्याच्यावर."

"फोडणी द्यायची राहिली मग."

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

ऱ्हाईन नदीचा एक जुना फाटा आहे, मुख्य धारेपासून तुटलेला. पाणी संथ, काठाला झाडं वाकलेली, काही पडून पाण्यातच बुडालेली. जागा पाहिली आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं. तिथं इंजिनियर सांगू लागला की ह्या दिवसांत मोठ्या शिकारी माशांना बंदी असते, कारण ते अंडी घालतात, नर घरट्यावर राखण करत बसतो. आणि त्यामुळे ह्या पाण्यात सध्या रबरी मासे टाकायलाच मनाई आहे.

"मग पेट्या कशाला आणल्यास?"

"तुम्हाला दाखवायला."

आमची मरळसुद्धा पिल्लांच्या लाल गोळ्यावर राखण करते, हे मला सहाव्या वर्षी माहीत होतं. याला तिशी उलटल्यावर पुस्तकात सापडलं.

ज्याला बंदी नव्हती तो मासा बार्श. अंगावर काळे पट्टे, खालचे पर लालभडक, पाठीवर काट्यांचा पंखा. थंडी ओसरताना तोही अंड्यावर येतो. पुस्तकात त्याची पण चार पानं होती, इंजिनियरला पाठ. धरून दाखवला का? पाण्याच्या मधोमध, सगळ्यात खोल जागी गळ टाकून बसला. मी पाहुणा म्हणून गप्प राहिलो. दुपारी बारापर्यंत ते यंत्र दोनदा वाजलं, दोन्ही वेळा वाऱ्याने. मी हात कोटात घालून बसलेलो. हात लावायचा नाही ना.

पुढचा शनिवार शेवटचा होता, कारण सोमवारी वर्ष. मी त्याला फोनवर सांगितलं, पहाटे यायचं नाही, अकराला ये. यंत्र घरी ठेव. पेट्या घरी ठेव.

"मग आणू काय?"

"स्वतःला आण. आणि कार्ड."

कुणाला ह्या दिवसांत मोठा बार्श धरायचा असेल तर सांगतो, पैसे न घेता. पहाटे उठून थंडी खायची नाही. रात्रभरात पाणी गार पडतं, मासाही आखडलेला असतो. ऊन दुपारी ज्या काठावर सगळ्यात जास्त वेळ पडतं, तिथं जायचं. बुडालेली फांदी शोधायची, कारण मादी अंडी सोडते ती फांदीवर, गळ्यातल्या माळेसारखी लांबलचक पट्टी लटकवते. पण अगदी उथळात टाकायचं नाही. उथळ संपून पाणी खाली उतरतं त्या कडेला टाकायचं. पोट जड झालेली मादी तिथं थांबून असते, कशाच्या मागे पळत नाही. तिच्या तोंडाशी न्यावं लागतं.

काठी हलकी. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बारीक, दिसेल न दिसेल असा. जाड तंगुसाला फक्त माणूस भुलतो, दुकानातला. गळ एकच, आणि गांडुळाच्या मानाने लहान वाटेल असा. शिसं शेंगदाण्याएवढं पण नको, ज्वारीच्या दाण्याएवढे दोन पुरे. वर तरंगायला छोटं बूच. गांडूळ तळापासून वीतभर वर लोंबलं पाहिजे. तळावर टाकलं तर चिखल खाणारे येतात. आणि गांडूळ अख्खं ओवायचं नाही, निम्मं मोकळं वळवळू द्यायचं.

इंजिनियर गांडुळं विकत घेऊन आला होता. झाकणाचा डबा, दुकानातल्या फ्रिजमधला. ह्या देशात माती नाही का? मी बिल्डिंगच्या मागे पालापाचोळ्याच्या ढिगातून सकाळीच मूठभर काढली होती. खालच्या मजल्यावरची म्हातारी खिडकीतून बघत होती. बघ म्हटलं.

तो टाकत होता आणि मी सांगत होतो. "डावीकडं. अजून. फांदीच्या पुढं, फांदीवर नव्हे. काढ. परत टाक."

"काका, काय फरक पडतो एक फुटाने?"

"तुझ्या मोटारीत एक फूट इकडंतिकडं चालतं?"

"गेनाऊ," तो म्हणाला. ह्या शब्दाचा अर्थ अगदी बरोबर असा आहे. पुण्याचा मुलगा, मराठीत चुकतो आणि जर्मनमध्ये बरोबर म्हणतो.

बारीक बारीक बार्श लागू लागले, बोटाएवढे. तो खूश. मी म्हटलं, उठ, जागा बदल. जिथं पोरं दंगा करतात तिथं मोठी बाई बसत नाही. पुढच्या पडलेल्या झाडापाशी गेलो. हात पाण्यात घातला. मागच्या आठवड्यात गार पाण्याने बोटं दुखली होती, आज दुखली नाहीत. तिथं तासभर काही नाही. मग बूच बुडालं नाही, नुसतं आडवं झालं आणि फांदीकडे सरकायला लागलं.

तो झटका द्यायला उठला. मी ओरडलो नाही, दातावर दात ठेवून म्हटलं, "थांब. खाऊ दे. आता नुसता ताण घे. ओढू नको, तोंड कागदासारखं असतं, फाटेल. ढील देऊ नको. फांदीपासून लांब घे." काठी वाकली. काठी त्याच्या हातात होती आणि माझे हात कोटाच्या खिशात मुठी वळून बसले होते. चाळीस वर्षांत इतका त्रास मला कुठल्या माशाने दिला नव्हता. शेवटी दांड्याची जाळी त्यानेच खाली घातली आणि ती वर आली.

कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. पोट टच्च, दोन्ही बाजूंनी सुटलेलं. पण दाबून अंडी बाहेर येत नव्हती, म्हणजे अजून घट्ट होती. तीच पाहिजेत. पाझरायला लागलेली अंडी खायच्या कामाची नसतात.

इंजिनियरने फोन काढला, तीन फोटो घेतले. मग जाळीसकट तिला पाण्यात उतरवू लागला.

"काय करतोस?"

"सोडतो ना, काका. मी सगळेच सोडतो. मी व्हेज आहे."

 मासा न खाणारा माणूस परीक्षा देऊन, कार्ड काढून, डिकीभर सामान घेऊन माशांच्या तोंडात लोखंड घालत हिंडत होता.

"ह्या देशात चालतं असं? खेळायला धरायचं?"

तो ओशाळला. "खरं तर नाही चालत. खायचा असेल तरच धरायचा, असं परीक्षेत होतं."

"म्हणजे पुस्तकाने पास झालास आणि पुस्तकालाच फसवतोस."

"पण काका, बघा तरी. पोटात किती अंडी आहेत तिच्या. हजारो पिल्लं."

"त्याच्यासाठीच आलोय मी," मी म्हटलं. "माझी बायको गेली. परवा वर्ष होतंय. तिच्या पानावर गाभोळी ठेवायची आहे."

जाळी तशीच अर्धी पाण्यात राहिली. तो मग म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंत?"

काय सांगणार? मला तो माणूस सांगण्यालायक वाटला नव्हता, हे खरं. ते मी त्याला म्हटलं नाही.

त्याच्या पिशवीत मारायची लाकडी दांडी होती, नियम म्हणून घेतलेली, तिच्यावर दुकानाचा कागद अजून चिकटलेला. "कुठे मारू?" त्याने विचारलं. मी बोटाने दाखवलं, डोळ्यांच्या मागे, वरती. "एकदाच मार. भीत भीत मारलास तर तिला दोनदा मरावं लागेल." त्याने एकदाच मारलं. नीट मारलं. नंतर उठून झाडामागे गेला आणि तोंड धुऊन आला. त्या दिवसात त्याने केलेल्या एवढ्या एका कामाला मला नावं ठेवता आली नाहीत.

दोन दिवस बर्फात ठेवलेल्या त्या माशाचं पोट सोमवारी मी फाडलं. आमच्या माशांत गाभोळीची जोडी असते, दोन पिशव्या. ह्या बार्शला एकच निघाली. मोठी, पिवळीधमक, पण एकच. म्हणजे बिघडली तर दुसरी नाही. सून म्हणाली, "मी फोनवर बघून सांगू का कशी करतात?" मी म्हटलं, गाभोळी मला फोनने शिकवायची नाही. अर्धी कापली, हळद-मीठ-तिखट लावून तेलात सोडली. फुटली. ताडताड उडून सगळी भिंत पिवळी झाली आणि कढईत रवा राहिला.

उरलेली अर्धी ताटलीत ठेवून मी स्टुलावर बसलो. चाळीस वर्षं ती माझ्यासमोर करत होती आणि मी एकदा बघितलं नव्हतं. पाण्याची, वाऱ्याची, माशाची परीक्षा घेणारा मी, माझ्या घरातल्या चुलीवर काय चालतं ते मला ठाऊक नाही. इंजिनियरला हसत होतो.

मग आठवलं, ते माझ्या कटकटीमुळे आठवलं. गाभोळी असली की त्या दिवशी भाताला वास यायचा. मी ताटावर बसून बोलायचो, भातात काय मासा धुतलास का. ती म्हणायची, "जेवा गप." म्हणजे ती गाभोळी भातावर ठेवत होती. फडक्यात बांधून, पाणी आटत आल्यावर, वाफेवर. आधी घट्ट करायची, मग काप करून तव्यावर टाकायची. चाळीस वर्षांत मी तिच्या स्वयंपाकातलं लक्षात ठेवलं ते एवढंच, कारण मी त्याला नावं ठेवली होती.

सुनेकडून धुतलेलं फडकं घेतलं. भात टाकला. आटत आल्यावर वर गाठोडं ठेवलं आणि झाकण लावून तिथंच उभा राहिलो. उघडलं तर घट्ट झाली होती. काप केले, चार झाले. तव्यावर एकही फुटला नाही.

मुलगा आत आला, म्हणाला, "आप्पा, चव बघायची का एक?"

"नाही," मी म्हटलं. "ती कुणाला देत नव्हती."

चारही तिच्या पानावर ठेवले. पान गॅलरीत नेऊन मांडलं आणि दार लोटून आत आलो.